धोंडीबांचा विरोध

ठकुबाईंचं शिलाई मशीन बंद पडून आठ महिने झाले होते, आणि ते त्यांना किती उपयोगी पडतं हे विचारायला दापोडीहून माणूस आला होता.

माणसाचं नाव सुजित. परदेशी मदतीवर चालणाऱ्या एका संस्थेत तो मूल्यमापनाचं काम बघायचा. संस्थेने निघोजे गावातल्या साठ बायकांना मशिनं दिली, शिवण शिकवलं, दुरुस्तीला ज्योतीराम नावाचा मेकॅनिक ठेवला. मग तिकडच्या सरकारने मदतीला कात्री लावली. आधी ज्योतीरामला काढलं, मग शिकवणाऱ्या बाईंना, मग संस्थेची गाडी गेली. मूल्यमापन मात्र करारात होतं, ते राहिलं. साठ मुलाखती ठरल्या होत्या, त्यांच्या बारा झाल्या, बाराच्या तीन. त्या तिघींतल्या दोघी, मशीन बंद पडलं म्हणून, कंपनीत लागल्या होत्या आणि फर्स्ट शिफ्टला गेल्या होत्या. उरल्या ठकुबाई.

सुजितच्या मोबाईलमध्ये चौऱ्याण्णव प्रश्न होते. मशीन वापरता का, हा पहिला. ठकुबाई नाही म्हणाल्या. मग का नाही, हा दुसरा.

"बिघडलंय, त्ये लिव."

"मावशी, तसा पर्यायच नाही. वेळ नाही, इच्छा नाही, नाहीतर घरच्यांचा विरोध. यातलं एक दाबल्याशिवाय पुढचा प्रश्न येत नाही."

ठकुबाईंचं डोकं फिरलं. अख्ख्या शाळेचे गणवेश त्यांनी त्या मशीनवर शिवले होते. यंदा ते काम चाकणच्या दुकानात गेलं. तीनदा त्यांनी संस्थेत फोन केला, तिन्ही वेळा कुणीतरी नाव लिहून घेतलं. आणि आता हा विचारतोय, इच्छा नाही का? सुजितने त्यांचा चेहरा बघितला. वेळ किंवा इच्छा यातलं काही दाबलं तर आपली धडगत नाही हे त्याला कळलं. शिवाय बसची वेळ झाली होती. ओसरीवर ठकुबाईंचे यजमान धोंडीबा शेंगा फोडत बसले होते. या माणसाने चाळीस वर्षांच्या संसारात कशाला विरोध केला नव्हता. मशीनला तेलसुद्धा तेच घालायचे. सुजितने विरोध दाबला.

मुलाखत एकच असल्यामुळे अहवालात आलं, की निघोज्यातल्या शंभर टक्के महिलांना घरातून विरोध आहे. परदेशातल्या कार्यालयात खळबळ उडाली. दापोडीच्या कार्यालयप्रमुख रुपालीताईंनी सुजितला खोदून विचारलं, खरं काय ते काढून घेतलं आणि चूक झाल्याचं तिकडे कळवलं. उत्तर आलं, की अशा गावांत विरोध नाकारण्याची प्रवृत्ती असतेच. मशीन दुरुस्तीला पैसे नव्हते. पुरुषांची मानसिकता बदलायला मात्र वेगळा निधी शिल्लक होता.

चार शनिवार धोंडीबा मोबाईलसमोर बसले. पलीकडचे गृहस्थ इंग्रजीत बोलत, दुसरे एक जण त्याचं हिंदी करत. बायकोच्या कष्टांचा मान कसा राखावा हे ते समजावत होते. धोंडीबांना ते सगळंच पटत होतं, म्हणून ते मान डोलवत होते. आतून ऐकणाऱ्या ठकुबाईंच्या तळपायाची आग मस्तकात जात होती.

गावात मात्र वेगळीच कुजबुज सुरू झाली. परदेशातून समज देतायत म्हणजे काहीतरी असणारच. पारावर दौलतरावांनी सगळ्यांदेखत विचारलं, "धोंडीबा, हात उचलतो का काय रं वहिनीवर?" त्या दिवसापासून धोंडीबा पारावर जायचे बंद झाले.

मग त्यांच्यात परिवर्तन किती झालं हे मोजायला सुजित पुन्हा आला. धोंडीबा दारात उभे राहिले, चौकटीला दोन्ही हात लावून.

"न्हाई," ते म्हणाले. "माझा विरोध हाय."

ठकुबाई पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. हा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता.

"मशीन चालू झाल्याबिगर हिला येक बी प्रश्न इचारायचा न्हाई. आन् पारावर जाऊन सांग, म्या हिला कधी अडीवलं न्हाई म्हनून."

सुजितला मशीन कुठे दुरुस्त करता येत होतं. त्याने ज्योतीरामला फोन लावला. ज्योतीराम आता चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला होता. शिफ्ट सुटल्यावर तो मोटरसायकलवर आला. तोवर सुजित पारावर गेला आणि दौलतरावांसमोर, बसलेल्या सगळ्यांसमोर, चूक आपली आहे हे त्याने दोनदा सांगितलं. एकदा सांगून कुणाला खरं वाटेना.

ज्योतीरामने मशीन उघडलं, खालच्या दोऱ्याचं शटल बदललं, पट्टा आवळला. एकूण वीस मिनिटं लागली. ठकुबाईंनी एका चिंधीवर टीप मारून बघितली. वीस मिनिटांच्या कामाला एवढे महिने लागले, या रागाने त्यांचे डोळे भरून आले होते. बाकीच्या बायकांच्या मशिनांचं काय, हे ज्योतीरामनेच विचारलं, आणि रविवारी येतो म्हणून तो गेला.

परतीच्या बसमध्ये सुजितने मोबाईल काढून भेटीची नोंद केली. मुलाखत झाली का? नाही. त्यापुढे लिहायला जागा नव्हती. मशीन बंद पडल्यापासून निघोज्यात संस्थेच्या हातून काही काम झालं ते त्या एका दिवशी, आणि अंतिम अहवालात तो दिवस निष्फळ भेटींमध्ये आहे.