पांडूकाकांची हरकत

लग्नात भटजींनी ‘सावधान’ म्हटले की आमच्या इब्रामपुरातले लोक नवरानवरीकडे बघत नाहीत, पांडूकाकांकडे बघतात. एका लग्नात काकांनी ऐन मंगलाष्टकांत हात वर करून ठणकावले होते, “माजी हरकत आसा!” नवरीची आई मटकन खाली बसली. हरकत नवरीवर नव्हती, भटजींच्या डोक्यावर लोंबणाऱ्या फणसावर होती. भटजी, अंतरपाट, नवरानवरी असे सगळे चार पावले सरकले, तेव्हा कुठे अक्षता पडल्या. तो फणस पुढे पंधरा दिवस झाडावरच होता. कोणी टोमणा मारला तर काका म्हणत, “आणि पडलो आसतो तर?”

काका पंचायतीत कारकून होते. नोकरीभर लोकांच्या हरकती घेतल्या, शिक्के मारले. निवृत्त झाल्यावर त्यांना वाटले, आता आपली पाळी. पाव विकणाऱ्या पोदेराच्या भोंप्यावर हरकत, बसच्या रंगावर हरकत. शेजारच्या मरतुकड्या कुत्र्याचे नाव ‘टायगर’ ठेवले म्हणून दोन प्रतींत लेखी अर्ज, वर “पोच दी” म्हणून मालकाची सही. मालकाने कंटाळून नाव बदलले. कुत्रा नव्या नावाला ओ देईना, ते वेगळेच.

आम्ही सहासात पोरापोरींनी व्हॉलीबॉलची स्पर्धा ठरवली. स्तनाच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्या बायकांना औषधाला, येण्याजाण्याला मदत व्हावी आणि बाकीच्यांना तपासणीसाठी इस्पितळात न्यायला गाडी करावी, असा बेत होता. दुसऱ्याच दिवशी काका अर्ज घेऊन दारात.

“ह्या बोर्डार ‘महिलांच्या आजारासाठी’ लिवलंस. खंयच्या आजाराक? सर्दी पण आजारच.”

“काका, तो शब्द चारचौघांत कसा लिहायचा? लोक काय म्हणतील?”

“वाचतले. बोर्ड आणि कित्याक आसता?”

पेंटर लाजून कुंचलाच उचलेना. काका त्याच्या मागे खुर्ची टाकून बसले. “स-क त जोड. मोठो काड, रस्त्यावरसून दिसाक व्हयो!” फूटभर अक्षरांत ‘स्तनाचा कर्करोग’ उमटला. दोन दिवस लोक मान खाली घालून जात होते. तिसऱ्या दिवशी बसचा कंडक्टर “बोर्डाकडे कोण उतरतला?” असे ओरडायला लागला.

फायनल पाळी गावच्या संघाशी. दुसऱ्याच सर्व्हिसला काका छत्री उघडून मैदानात! एका बाजूच्या डोळ्यांत ऊन येते, हा अन्याय. पंचाने थकून दर पाच गुणांनी बाजू बदलायचे मान्य केले. शेवटी शेवटी आपली बाजू कुठली हेच कोणाला कळेना. पाळीच्या एका धिप्पाड पोराने आपल्याच कप्तानाच्या पाठीत चेंडू हाणला. लोक हसून हसून जमिनीवर बसले आणि उठताना मदतीच्या डब्यासाठी खिशात हात घालूनच उठले.

गाडीच्या दिवशी सकाळी मी बायकांना बोलवत गावभर फिरले. आमची आईच तेवढी तयार नव्हती.

“आज ताजे तारले आयलेत गो. ते टाकून कशी येऊ? फुडच्या फेरेक येतंय.”

मी चिडले, विनवले. ती विळीवरून हलेना. शेजारचे पांडूकाका आमचा आवाज ऐकून आले, चपला काढून थेट स्वयंपाकघरात शिरले आणि आईच्या हातातला मासा घेतला.

“पांडूदादा, ह्यां काय?”

“उठ सुमती. मी करतंय.” ते विळीवर बसले. खवले काढता काढता, मान वर न करता, वारलेल्या काकीचे नाव घेऊन म्हणाले, “आमची सुशीला आदी गणपतीची चवत झाल्यार तपासूक जातंय म्हणाली. मगे भात कापून झाल्यार. मगे चेडवाचां लगीन झाल्यार. मी दरवेळेक बरां म्हटलंय.”

आईने हात धुतले, लुगडे बदलले आणि गाडीत जाऊन बसली. वाटेत तिने माझ्या कानात सांगितले की काखेजवळ गाठ आहे, दोन महिने झाले. गाठ कर्करोगाचीच निघाली, पण लवकर सापडली. ऑपरेशन झाले, पुढचे उपचारही झाले. आज आई ठणठणीत आहे.

त्या दिवशी परतायला तीन वाजले. दार उघडेच होते. काकांनी मासे साफ करून हुमण केले होते, भातही केला होता. ते चुलीपाशी पाटावर बसून होते.

“अजून जेवलात नाय?” आईने विचारले.

“घराकडे रोज एकटोच जेवतंय,” काका म्हणाले. “आज म्हटलां, तुमी येयसर रावया.”

आईने पदर खोचला आणि तीन ताटे मांडली.