स्वल्प त्रासाची चौकशी

देह हे भाड्याचं घर आहे, हे कीर्तनात ऐकून माना डोलावणारे पुष्कळ; पण ते आचरणात आणलं फक्त सरकारने. स्वतःची इमारत बांधून तिच्या मोहात पडण्यापेक्षा ते भाडेपट्ट्यावर राहतं.

१९९४ साली बेंगळुरात राजाजीनगरातली केंद्र सरकारची एक कचेरी अशीच एका जुन्या मंगल कार्यालयात भरत असे. (मंगल कार्यालयाचं कार्यालय करणं सोपं; फक्त त्यातलं मंगल काढायचं.) साहेब वधूवरांच्या मंचावर, कारकून भोजनगृहात पंगतीने आणि जुनी कागदपत्रं सांभाळणाऱ्या गंगव्वा स्वयंपाकघरात. तिथलं धुराडं मालकाने बुजवलं होतं, कारण सरकार स्वयंपाक करत नाही. खिडकी मुळातच नव्हती. गंगव्वांना दमा होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, हवेशीर बसा, नाहीतर नोकरी सोडा. घरात कमावणाऱ्या त्या एकट्या.

हेडक्लार्क हणमंतराव हरिकथेचे वेडे. छताचा गिलावा टकलावर पडला तर अंगारा म्हणून भुवयांमध्ये लावून घेणारा माणूस. पण गंगव्वांचा खोकला त्यांना ऐकवेना. त्यांनीच तक्रार धाडली, आणि भगवंताच्या कृपेने (व टपालखात्याच्या) पुण्याच्या मुख्य कचेरीतून पद्माकर साहेब चौकशीला आले.

आदल्या दिवशी हणमंतरावांनी तालीम घेतली. "अक्का, भीड धरायची नाही. जीव गुदमरतो, असं सरळ सांगायचं."

"सरी, अण्णा," गंगव्वांनी होकार भरला.

पद्माकर साहेब नाकाला रुमाल लावून स्वयंपाकघरात आले. गंगव्वांनी आधी स्वतःची खुर्ची पुसून पुढे केली. दारात आलेल्या पाहुण्यापुढे रडगाणं कसं गायचं?

"बाई, इथे त्रास होतो का?"

गंगव्वा पोटभर खोकल्या. मग म्हणाल्या, "स्वल्प, सर."

हणमंतरावांनी डोळे वटारले.

"म्हणजे... स्वल्प जास्ती," त्यांनी दुरुस्ती केली.

आता, बेंगळुरात स्वल्प हा शब्द मापाचा नाही, सभ्यतेचा आहे. घरात गुडघाभर पाणी शिरलं तरी 'स्वल्प पाणी आलं' म्हणतात. पण साहेब पुण्याचे. तिथे स्वल्प म्हणजे स्वल्पच. त्यांनी तेवढंच लिहून घेतलं. हणमंतराव अर्थ समजावायला पुढे झाले, तोच छताचा पोपडा सुटून साहेबांच्या खांद्यावर आदळला.

"हे नेहमीचंच का हो?" साहेब किंचाळले.

हणमंतराव त्यांचा कोट झटकत पुटपुटले, "छे छे साहेब. स्वल्प."

अहवाल आला. फार त्रास असलेले कर्मचारी: निरंक. स्वल्प त्रास: शंभर टक्के. सबब उपायही स्वल्प असावा: स्वयंपाकघराच्या भिंतीतली एक वीट काढण्यात यावी.

वीट काढण्यात आली. गंगव्वा दप्तर मांडीवर घेऊन त्या भोकाशी तोंड लावून बसू लागल्या. हणमंतरावांनी स्वतःची समजूत घातली, की प्रत्यक्ष पांडुरंगाचं एका विटेवर भागतं, तर माणसाचं का भागू नये? तरी एकदा त्यांना राहवलं नाही.

"अक्का, आता बरं वाटतं ना?"

"स्वल्प, अण्णा."

या वेळी त्यांनी मान डोलावली नाही. दिवाळीनंतर गंगव्वांनी राजीनामा दिला. कारण: तब्येत स्वल्प बरी नाही.

वाचक म्हणतील, ही त्या कन्नड मुलखाची गंमत. असेल. उद्या तुमच्या कचेरीत कुणी वहीपेन्सिल घेऊन येईल, काही त्रास आहे का म्हणून विचारील, आणि तुम्ही शुद्ध मराठीत म्हणाल, "छे हो, तसं काही विशेष नाही."

त्या उत्तराला अर्धी वीट मिळते.