न्यूझीलंडची चौकशी खिडकी

"मध न्यायचा न्हाई. बुटाला माती बिलकुल नको. पुढचं बोला."

मी खिडकीच्या पडद्याआडून ऐकत होते. समोरच्या ओट्यावर भानुदासकाका एका पाहुण्याला न्यूझीलंडची माहिती देत होते. त्या बिचाऱ्याने फक्त घनसावंगीची गाडी विचारली होती.

"आवो, मला सासुरवाडीला जायचंय."

"मंग जा की जल्दी. दहा-चाळीसची हाय. पण परतीची गाडी आधी विचारून ठेवा."

काका अंबडच्या बसस्थानकातून निवृत्त झाले. नोकरीभर चौकशीच्या खिडकीमागे बसले. खिडकी गेली, सवय राहिली. नुसतं "काय काका?" म्हटलं तरी माहिती मिळते आणि शेवटी "पुढचं बोला" येतं, मागे कोणी नसलं तरी.

हल्ली ही माहिती एकाच देशाची असते. त्यांची मुलगी वर्षाताई तिकडे राहते. काकू गेल्यावर तिने बाबांना बोलावलं. जावयाने तिकडूनच फॉर्म भरला, व्हिसा आला. तेव्हापासून तिथलं नळाचं पाणी तसंच पिता येतं, प्लगच्या पिना तिरक्या असतात, हे सगळं जुन्या जालन्यातल्या आमच्या गल्लीला पाठ झालंय. किराणा दुकानदार मनमाडच्या पुढे कधी गेलेला नाही, पण पिशवीत येसर मसाला असेल तर तिथल्या विमानतळावर आधीच सांगायचं, हे तो गिऱ्हाइकांना बजावतो.

बुटांची गोष्ट वेगळीच. काकांनी नवे बूट घेतले. आपली काळी माती तळव्याला लागली तर तिकडे अडवतील, म्हणून ते बूट घालून फक्त पलंगावर उभे राहतात. "पायाला सवय नको का व्हायला?" गल्लीत मात्र अनवाणी, बूट हातात.

मी इंग्लिश मीडियमची, म्हणून विमानतळावरच्या प्रश्नांचा सराव माझ्याकडे आला. मी आमच्या खिडकीच्या गजांआड साहेब, काका बाहेर प्रवासी. इंग्रजी मला येतं. बोलणं येत नाही, कुठल्याच भाषेत; लाजेने तोंडच उघडत नाही. मी प्रश्न कागदावर लिहून गजांतून द्यायचे.

"तिकडं मुका सायेब भेटला तर मी बराबर पास होणार," काका म्हणायचे.

तिकीट मात्र निघेना. आधी गुडघा दुखत होता. मग बूट चावत होते. मग काकांना वाटलं, तिकडचा उन्हाळा जरा ओसरू द्यावा.

परवा मी कागद दिला : तुम्ही किती दिवस राहणार?

काकांनी तो वाचला, उलटा करून पाहिला. "पुढचं बोला."

मी तोच कागद परत सरकवला.

ते आमच्या पायरीवर बसले. "वर्षी म्हणून राह्यली, बाबा, जायची-यायची तारीख कळवा, तिकीट काढते. जायची कधीबी सांगंन. यायची कोणती सांगू? पंधरा दिवस म्हणलं तर पोरीला वाटंल, बाबाला माझ्याकडं करमत न्हाई. तीन महिने म्हणलं तर... जावयाचं घर हाय, बाई."

मी लिहिलं : ताईलाच विचारा ना.

"सारी जिंदगी लोकांनी मला विचारलं. मला कुठं सवय हाय विचारायची?"

खिशातून जुना टूथब्रश काढून ते हातातल्या बुटाचा तळवा घासू लागले. तळवा आधीच इतका स्वच्छ होता की त्यावर जेवण वाढता आलं असतं. आमच्याकडे सकाळचे अकरा वाजले होते.

"तिकडं आत्ता संध्याकाळचे साडेसहा," ते बुटाकडे बघत म्हणाले. "घरी आली असंल."

मी दार उघडून बाहेर आले. त्यांचा फोन पायरीवर होता. तो उचलला आणि वर्षाताईचं नाव दाबलं. काका बूट हलवून "न्हाई, न्हाई" करत होते. तेवढ्यात पलीकडून आवाज आला, "बाबा? ठरली का तारीख?"

या वेळी कागद आतच राहिला होता.

"ताई, मी समोरची," मी अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले. "काका विचारतायत, परतीची गाडी किती दिवसांनी ठेवायची?"