काळ्या चौकटीतली नेदा

मिंको कोलेवला राग यायला एरवी कारण लागत नसे. पण त्या ऑक्टोबरात कारण होतं, आणि चांगलं धडधाकट होतं. त्याच्या बायकोनं, नेदानं, उन्हाळाभर खपून लोकरीच्या साठ जोड सपाता केल्या होत्या. लाल, करड्या, काळ्या, आतून मऊ, तळाला दाबलेल्या लोकरीचा जाड नमदा. बाजारातला जो दुकानदार अकरा वर्षं त्या घेत होता, त्यानं या वर्षी मान हलवली. म्हणाला, "काकू, आता लोक आधी फोनवर बघतात आणि मग घेतात. तुम्ही फोनवर दिसत नाही."

"मी तुझ्यासमोर उभी आहे, ते दिसतंय का?" नेदा म्हणाली आणि साठच्या साठ जोड परत घेऊन आली. तेव्हापासून सपाता घरात होत्या. पलंगाखाली होत्या, शिंकाळ्यात होत्या, चुलीमागं होत्या. (मिंकोनं एकदा पाव म्हणून एक उचलली होती. ते जाऊ द्या.)

मुलगी सिल्वेना राजधानीत राहायची आणि रोज संध्याकाळी फोन करून अक्कल शिकवायची. "बाबा, रोज एक फोटो टाका. आईचे हात दाखवा. चुलीपाशी मांजर बसवा. लोकांना गोष्ट आवडते."

"मांजर गेल्या वर्षीच मेलं!" मिंको ओरडला. "आणि माझ्या बायकोचे हात मी चारचौघांना का दाखवू?"

मग सिल्वेनानं दुसरा उपाय काढला. इटलीत एक म्हातारी होती, तिची उठबस करायला बाई हवी होती. गल्लीतल्या चार बायका अशाच गेल्या होत्या. 'दोन वर्षांत येते' म्हणून गेल्या, त्याला नऊ वर्षं झाली. त्यांचे नवरे आता दुपारी चौकातल्या बाकावर ओळीनं बसत आणि दुकानातल्या टिनच्या डब्यातलं खात.

"संत दिमित्रीच्या सणापर्यंत सपाता गेल्या तर मी इथंच," नेदा म्हणाली. "नाही गेल्या, तर त्या रविवारच्या बसनं मी इटलीला. इथं बसून लोकर कुरवाळण्यापेक्षा तिथं म्हातारीचे पाय चेपते."

"जा की! खुशाल जा! मला काय, हात नाहीत?" मिंको म्हणाला. त्या हातांना अंडं उकडता येत नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. सणाला नऊ दिवस उरले होते.

मंगळवारी पाव आणायला जाताना मिंकोनं एक गोष्ट पाहिली. तशी ती तो जन्मभर पाहत आला होता, पण त्या दिवशी डोक्यात उजेड पडला. बसथांब्यापाशी सात-आठ माणसं घोळक्यानं उभी होती. कोणाच्या हातात फोन नव्हता. सगळे माना वर करून खांबावरचे कागद वाचत होते. गावात कोणी गेलं की त्याचा फोटो छापलेला कागद खांबावर, झाडावर, दारावर लागतो. वर नाव, खाली वय, मातीला कधी यायचं ते. रोज सकाळी अख्खं गाव आधी हे वाचतं आणि मग पाव घेतं.

'अरे, माणसं थांबतात इथं!' मिंकोला वाटलं. 'अजून काय पाहिजे धंद्याला?' आणि इतकी वर्षं ही अक्कल कोणालाच सुचली नाही म्हणून त्याला सगळ्या गावाचा राग आला.

तो तडक दोब्रीच्या छापखान्यात गेला. दोब्री लग्नपत्रिकाही छापायचा, पण गावात आता लग्नं कमी आणि दुसरं जास्त, त्यामुळे यंत्रात कागद तोच, काळ्या चौकटीचा, लावलेला असे.

"नाव मोठं," मिंको म्हणाला. "फोटो त्याहून मोठा. खाली वय घाल, एकसष्ट. मुरलेला हात आहे हे लोकांना कळू दे. त्याच्याखाली, गुरुवारी अकरापासून घरी या. आणि अगदी खाली, हाताने केलेल्या लोकरीच्या सपाता."

दोब्रीनं चष्म्यावरून बघितलं. "मिंकोदादा, खालच्या ओळीला जागाच उरत नाही. मुंगीएवढी अक्षरं येतील."

"येऊ देत."

"आणि ही काळी चौकट? काढू?"

"काढतोस कशाला? उठून दिसते!"

"दादा, लोकांचा गैरसमज होईल हो."

"गैरसमज व्हायला आधी माणूस थांबायला लागतो!" मिंकोनं टेबलावर मूठ आपटली. "बाजारातल्या त्या गाढवाच्या दुकानापुढं कोण थांबतं? छाप तीस!"

दोब्रीनं खांदे उडवले आणि तीस छापले. फोटो म्हणून मिंकोनं त्याला जे दिलं होतं, त्यात नेदा भाचीच्या लग्नात नाचून दमली होती, केस विस्कटले होते, आणि गालाला कोणा पाहुण्याचा अर्धा कान चिकटला होता. घरात तिचा एकटीचा फोटो दुसरा सापडलाच नाही. (शोधला पण नव्हता.)

गुरुवारी पहाटे अंधारातच नेदा पहिल्या बसनं लोकर पिंजून आणायला शेजारच्या गावी गेली. ती वळली रे वळली, की मिंको गोंदाचा डबा घेऊन निघाला. आठ वाजेतो चौक, दवाखाना, चर्चचं फाटक, बसथांबा, सगळं आटोपलं. शेवटचा कागद त्यानं स्वतःच्याच दारावर लावला. गिऱ्हाइकाला घर सापडायला नको? मग त्यानं साठ जोड ओसरीत ओळीनं मांडले, धुतलेला सदरा घातला आणि वाट बघत बसला.

अकराच्या ठोक्याला शेजारची गिना आली. डोक्यापासून पायापर्यंत काळ्या कपड्यात, हातात झाकलेलं पातेलं. मागं आणखी सहा बायका. मिंकोची छाती फुगली.

"मिंको!" गिनानं त्याला मिठीच मारली. "कसं रे सोसलंस?"

"काय सांगू, गिनाकाकू," मिंको म्हणाला. "महिनाभर सोसतोय. घरात पाय ठेवायला जागा नाही."

"म्हणजे महिनाभर चाललं होतं? आम्हाला बोलला नाहीस! मग आज अचानक..."

"अचानक कसलं? मंगळवारी मीच ठरवलं. म्हटलं, आता उरकून टाकायचं."

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. एकीनं छातीवर क्रूस काढला.

"आणि कुठंय ती?"

"नेदा? पहाटेच गेली. बाराच्या बसनं येईल परत."

गिनानं मागं वळून कुजबुजत सांगितलं, "डोक्यावर परिणाम झालाय बिचाऱ्याच्या." मग जोरात म्हणाली, "ये हो ये, बाराच्या बसनं येईल. तू बस."

बायकांनी दारात बूट काढले. कोणाच्याही घरात शिरताना पायात घालायला घरच्या सपाता मिळायच्याच. इथं तर साठ जोड मांडून ठेवलेले. जिच्या मापाचा जो सापडला तो तिनं घातला आणि आत जाऊन बसली. मागोमाग पुरुष आले. मग दवाखान्यातली नर्स, चर्चमधला घंटा वाजवणारा. साडेअकरापर्यंत खोलीत चाळीस माणसं, चाळीस जोड सपाता, आणि मिंको मनात म्हणतोय, घालून बघतायत, शहाणी आहेत, पण घेतो असं एकही तोंडानं का बोलत नाही? त्याचा पारा चढायला लागला.

मग स्पास आला. हा शाळेतला निवृत्त कवायत-मास्तर. त्यानं मिंकोच्या हातात लाल फुलांचा गुच्छ कोंबला, टेबलावरची राकिया, म्हणजे घरची फळांची दारू, पेल्यात ओतली आणि पिण्याआधी चार थेंब गालिच्यावर सांडले.

"अहो मास्तर, गालिचा!"

"असू दे, मिंको. तिच्यासाठी." स्पासनं नाक पुसलं. "सोन्यासारखी बाई. आणि तुझ्यासारख्याबरोबर पस्तीस वर्षं काढली. सुटली म्हणायची."

"खरंय," गिना म्हणाली. "कधी तोंडातून ब्र काढला नाही. याची चिडचिड, याची आदळआपट. मी भिंतीपलीकडून ऐकायची ना सगळं."

"एकदा यानं रेडिओ खिडकीतून फेकला होता," कोणीतरी म्हणालं, आणि सगळ्यांनी हळहळून माना हलवल्या.

मिंकोनं हातातल्या फुलांकडं बघितलं आणि मोजली. एक, दोन... आठ. जिवंत माणसाला कोणी आठ फुलं देत नाही. सात देतात, नऊ देतात. सम आकडा मेलेल्याला. गिनानं पातेल्यावरचं फडकं काढलं. आत साखर घालून शिजवलेले गहू, वर अक्रोड पेरून क्रूस काढलेला. हे तर कोणी गेल्यावरच शिजवतात. मिंकोनं गुच्छ पाठीमागं लपवला.

आणि तेवढ्यात बाराची बस आली.

नेदा उतरली तेव्हा थांब्याच्या खांबावर तिचाच चेहरा होता. ड्रायव्हरनं एकदा खांबाकडं आणि एकदा तिच्याकडं बघितलं आणि दार लावून गाडी अशी पळवली, की दोन उतारू आतच राहिले. नेदानं कागद फाडून हातात घेतला, लोकरीचं पोतं खांद्यावर टाकलं आणि घरी आली. दार उघडंच होतं. चाळीस डोकी वळली. गिनाच्या हातातली पळी पडली. घंटावाला टेबलाखाली गेला.

नेदानं कागद मिंकोच्या नाकासमोर धरला. आवाज एवढा शांत होता, की मिंकोला खिडकीतून फेकलेला रेडिओ आठवला; आता आपली पाळी.

"हा फोटो?"

"नेदा, ऐक तर..."

"दहा वर्षं सांगतेय, मी मेले तरी हा फोटो लावायचा नाही! मेले तरी! आणि वय छापलंस? एकसष्ट? वाढदिवस डिसेंबरात आहे, गाढवा, अजून साठच आहेत!"

"म्हणजे तू मेलेली नाहीस?" गिना किंचाळली. आता तिचा राग. "मी तीन तास गहू शिजवले! घरातले सगळे अक्रोड घातले! कालच केस रंगवले होते, त्यावर काळं फडकं बांधून रडले! मिंको, हरामखोरा, माणसाच्या दुःखाची थट्टा करतोस?"

"खाली लिहिलंय ना सगळं!" मिंको ओरडला. "खाली वाचा! सपाता! हाताने केलेल्या! वाचता येत नाही का गावाला?"

स्पासनं नेदाच्या हातातला कागद घेतला, लांब धरला, जवळ धरला. "ह्या मुंग्या?"

मग जो गदारोळ उठला तो चौकापर्यंत ऐकू गेला. एक म्हणे पोलिसात द्या, दुसरा म्हणे पाद्रीबाबांना बोलवा, नर्स म्हणे दोघांचा रक्तदाब बघते. स्पास आपली आठ फुलं परत मागत होता. शेवटी नेदानंच टेबलावर पोतं आदळलं.

"पुरे! निघा सगळे! आणि माझ्या सपाता काढा पायातल्या, विकायच्या आहेत त्या!"

प्रत्येकानं आपल्या पायांकडं बघितलं. बाहेर पाऊस आणि गारठा, दारात ओले बूट, आणि पाय तासाभरात असे गरम झालेले, की अंगठे आतल्या आत खुशीनं हलत होते.

"मी नाही काढायची," गिना म्हणाली. "तीन तास गहू शिजवलेत. ह्या लाल माझ्या. बोल किती द्यायचे, आणि नवऱ्यासाठी त्रेचाळीस नंबर दे."

"दुसऱ्याच्या मयतीला येऊन सौदा करतेस?" नेदा कडाडली, पण त्रेचाळीस नंबर शोधायला वाकली होती.

एक वाजेपर्यंत चाळीस जोड गेले. गहू सगळ्यांनी मिळून खाल्ले, टाकतो कोण? संध्याकाळपर्यंत बसवाल्यानं तीन गावांत सांगितलं होतं, की कोलेवांची मेलेली बाई बाराच्या बसनं परत आली आणि सपाता विकत बसली. माणसं शनिवारी लांबून आली, नेदाला दंडाला चिमटा काढून बघायला. बघून झालं की तसंच जाणार कसं? उरलेले वीसही गेले, आणि वहीत नव्या सव्वाशे मागण्या. सणाच्या रविवारी इटलीची बस नेदाशिवाय सुटली. फोनवर सिल्वेना म्हणाली, "आई, कुठं टाकलीस जाहिरात?" नेदा म्हणाली, "खांबावर," आणि फोन ठेवला.

मिंको आठवडाभर मिशीला पीळ देत हिंडला. "शेवटी डोकं कोणाचं? थांबली ना माझ्यासाठी?"

"मागण्यांसाठी थांबले," नेदा म्हणाली. "आणि लोक अजून मला बघून क्रूस काढतात. सगळ्यांना सांगायला हवं, की मी जिवंत आहे आणि दुकान चालू आहे. दोब्रीकडून तीस कागद छापून आण. चौकट तीच, हे सगळं खाली मुंग्यांत. नाव आणि फोटो मात्र तुझा."

"माझा?"

"माझा चालला तेव्हा तुझा चालेल."

मिंको कोपला, आदळआपट केली, आणि मग गुपचूप जाऊन छापून आणले. लावलेही त्यानंच. आणि खोटं कशाला बोला, मनातून त्याला उत्सुकता होती. नेदासाठी चाळीस माणसं आली, पातेलंभर गहू आले. आपल्यासाठी किती येतात ते बघू. सकाळी त्यानं धुतलेला सदरा घातला, राकियाची बाटली काढली, गालिचा गुंडाळून ठेवला आणि ओसरीत बसला.

अकरा वाजले. बारा वाजले. चौकात घोळका थांबून वाचत होता, इथून दिसत होतं. वाचून झालं की पाव घेऊन आपल्या वाटेला लागत होता. साडेबाराला दार वाजलं. स्पास मास्तर. हात मोकळे.

"अरेच्चा, आहेस होय?" स्पास म्हणाला.

"फुलं कुठं आहेत?" मिंको गुरगुरला.

"ह्या वेळी म्हटलं, आधी विचारून घ्यावं. त्या दिवशी आठ फुकट गेली." स्पासनं मान लांब करून अंगणात बघितलं. "तसा मी शिडीसाठी आलो होतो. म्हटलं, आता तुला काय लागायची."

मिंकोनं तोंड उघडलं, पण आतून नेदाचा आवाज आला.

"दे त्यांना शिडी! आणि विचार, सपाता कुठल्या नंबरच्या हव्यात!"