नारिंगी कापडाचा करडा पुरावा

नायजेरियातल्या इबादान शहरातल्या अकिनलाबीने सख्ख्या बहिणीच्या लग्नाचे फोटो फिल्मवर काढले, तेही कृष्णधवल. मोबाइलवर हजार फोटो काढून एकही न बघण्यापेक्षा एक रीळ संपवावं, असं त्याचं मत होतं. शिवाय रंग दिसले की लोक कापड बघतात. रंग गेले की चेहरा बघतील. आपल्या बहिणीचा चेहरा कुणीतरी नीट बघावा, एवढीच त्याची इच्छा.

लग्नानंतर कुटुंबाची कापड समिती बसली. आसो-एबी म्हणजे ठरलेलं कापड पाहुण्यांनी विकत घ्यायचं: नवरीकडच्यांनी नारिंगी, नवऱ्याकडच्यांनी हिरवं. अंगावर कापड, तर ताटात जोलोफ भात. बामिदेले काका नवरीकडचे, पण जुन्याच कुठल्यातरी लग्नातलं हिरवं घालून दोनदा जेवले, असा आरोप होता.

"मी नारिंगीच घातलं होतं," काका म्हणाले.

"मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय," अध्यक्ष मोरेनिके आत्या म्हणाल्या.

"ताई, तुझा चष्मा त्या दिवशी पर्समध्ये होता. पुरावा दाखव."

ठराव: मोबाइलमधल्या फोटोचा रंग बोटाने बदलता येतो, सबब ते अग्राह्य. फिल्मशी छेडछाड होत नाही, सबब अकिनलाबीचे फोटो हाच अधिकृत पुरावा.

फोटो टेबलावर आले. नारिंगी करडं आलं होतं. हिरवंही करडंच.

"हे काय करून ठेवलंस रे?"

"आत्या, चेहरे तरी बघा."

"चेहऱ्यांना कुणी जेवायला बोलावलं होतं?"

(इथला परिच्छेद उजेड लागलेल्या फिल्मसारखा जळाला. आत फोटो कसा दिसतो ते बघायला बामिदेले काकांनी कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं.)

काका निर्दोष सुटले. महिन्याभरात शहरातली निम्मी लग्नं अकिनलाबीकडे आली. फिल्मच हवी, कृष्णधवलच हवी, असा सगळ्यांचा आग्रह. अखेर लोकांना चेहरा कळला, म्हणून तो हरखला. लोक मात्र पेटीतलं जुनंच कापड घालून भात हाणत होते.

नव्या कापडाला गिऱ्हाईक उरेना. समितीची तातडीची बैठक झाली.

ठराव: यापुढे कापड करडंच. जवळच्या नातलगांना गडद, लांबच्यांना फिकट. पडताळणीसाठी छायाचित्रकाराने प्रत्येक पाहुण्याच्या गालाशेजारी छटांची पट्टी धरावी.

अकिनलाबी पट्टी धरू लागला. कुणी हसलं की पट्टी हलायची, म्हणून हसायला मनाई झाली.

शेवटी एका बैठकीत त्याने जपून ठेवलेला एकच फोटो पुढे केला. पट्टी नाही, मंडप नाही. बहीण एकटी, मान मागे टाकून हसतेय. सगळे पुढे झुकले. आत्यांनी चष्मा लावला. अकिनलाबीने फोटो त्यांच्याकडे सरकवला.

"गडद आहे की मध्यम?" आत्यांनी विचारलं.

"आत्या, ही नवरी आहे."

"ते कळलं रे. छटा विचारतेय."

"मध्यम," काका म्हणाले. "मला तर फिकटच वाटतेय," दुसरं कुणी म्हणालं. मतदान झालं.

बहिणीचं नाव मोतुनरायो. सबंध लग्न पार पडलं, इतक्या बैठका झाल्या, तरी ते कुणी विचारलं नव्हतं. समितीने नाही, आणि कापडाचं पुढे काय झालं म्हणून इथवर वाचत आलेल्या तुम्हीही नाही.