कृष्णकांतपेक्षा मोठा जनरेटर

मी तसा कुणावर जळणारा माणूस नाही. ऑफिसात चौघे जण माझ्यापुढे बढती घेऊन गेले, मी चौघांच्याही पार्टीत दोन-दोन समोसे खाल्ले. पण शेजारच्या कृष्णकांतची गोष्ट निराळी आहे. कौसल्येला, म्हणजे माझ्या बायकोला, दोन स्थळं आली होती. एक मी आणि दुसरा तो! माझ्या सासऱ्यांनी, चंपतरावांनी, सरकारी नोकरी पाहून मला पसंत केलं आणि सायकलच्या दुकानात बसणाऱ्या कृष्णकांतला नकार कळवला. पुढे त्या एका दुकानाची तीन दुकानं झाली आणि त्यानं घर बांधलं ते नेमकं प्रताप नगरात, आमच्या कुंपणाला लागून!

तेही मी पोटात घातलं. पण सत्त्याऐंशीच्या मे महिन्यात सासरेबुवा काटोलकडच्या त्यांच्या गावाहून दात बसवायला आमच्याकडे आले, आणि त्याच आठवड्यात कृष्णकांतनं सीताबर्डीहून छोटासा, लाल, नवाकोरा जनरेटर आणला.

नागपूरचा मे, आणि रोज दुपारी दोन तास लाइन जायची. कूलर बंद पडला की घराची भट्टी व्हायची. पहिल्या दिवशी लाइन गेली, कुंपणापलीकडे फुरफुर सुरू झाली, कृष्णकांतनं हाक मारली आणि सासरेबुवा उशी काखेत मारून त्याच्याकडे झोपायला गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी हाकेची वाट पाहिली नाही. चौथ्या दिवशी तर लाइन असतानाच निघाले, न जाणो केव्हा जाईल म्हणून! संध्याकाळी परत यायचे आणि माझ्याकडे बघत बसायचे. बाजारातून आणलेला बैल घरी आल्यावर लंगडतोय असं लक्षात यावं, तशी ती नजर होती.

खोटं कशाला बोलू, माझा जळफळाट झाला. जनरेटरचं दुःख नव्हतं. तेरा वर्षांनी सासऱ्यांची पसंती बदलत चालली होती!

कन्हानला कवडू नावाचा मिस्त्री होता. खाणीतली जुनी मशीनं दुरुस्त करून विकायचा. त्याला गाठलं. घरात पंखे किती, बल्ब किती, कूलर केवढा, असं तो रीतसर विचारू लागला. मी म्हटलं, ते सगळं राहू दे, माझ्या शेजाऱ्याकडे आहे त्याहून मोठं काय आहे ते दाखव. त्यानं कोपऱ्यातल्या एका डिझेल इंजिनाच्या जनरेटरवरचं पोतं ओढलं. म्हशीएवढं धूड होतं ते.

"साहेब, यानं खदानीतलं पाणी उपसलं हाये," कवडू म्हणाला. "घराले काहून पाहिजे एवढं?"

मला तेच पाहिजे होतं. ट्रकमधून उतरवायला सहा माणसं लागली आणि अख्खी गल्ली बघायला जमली. कृष्णकांतही फाटकाशी उभा होता. माझी छाती दोन इंच फुगली.

बसवताना कवडूशी वाजलं. तो म्हणे, मागच्या मोकळ्या जागेत बसवा आणि धुराची नळी छपराच्या वर न्या. मागे बसवलं तर कृष्णकांतला दिसणार कसं? मी ते कुंपणाकडच्या खिडकीखाली बसवायला लावलं. नळीही आखूडच ठेवली, म्हणजे आवाज पलीकडे नीट पोचेल. त्या खिडकीत आमचा कूलर आहे, हे मला माहीत होतं. कूलर बाहेरची हवा आत ओढतो, हेही माहीत होतं. दोन्ही एकदम आठवलं नाही, एवढंच.

जाताना कवडूनं बजावलं, "बंद कराचा खटका तुटला हाये. उद्या आणून लावतो. तवरोक चालू नका करू, मंग त्याले थांबवाले काही नाही."

मी थांबलोही असतो. पण दुपारी लाइन गेली, पलीकडे फुरफुर झाली आणि सासरेबुवांनी उशी उचलली. मी दारात आडवा उभा राहिलो. म्हटलं, बाबा, आज आपल्याच घरी झोपायचं.

हँडल तीनदा फिरवलं मात्र, घर हादरलं! स्वयंपाकघरातले डबे एकेक करून खाली उतरले. कूलर असा फिरला की कॅलेंडर भिंतीवरून सुटून देवघरात गेलं. सासरेबुवा त्याच्यासमोर बसले आणि माझ्याकडे पाहून हसले. तेरा वर्षांत पहिल्यांदा! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी लगेच कुंपणाशी जाऊन कृष्णकांतला दिसेलसा उभा राहिलो.

पाच मिनिटांनी मागे वळून पाहतो तर कौसल्या बाबांना दंडाला धरून खोकत बाहेर आणत होती. धोतर काळं, मिशा काळ्या, टक्कल काळं. पांढरे तेवढे नवीन दात.

मग मी इंजिन बंद करायला धावलो. ओलं पोतं टाकलं, ते वाळलं. लाथ मारली, माझाच पाय सुजला. लाइन आली, कृष्णकांतनं त्याचा जनरेटर बंद केला, आमचं आपलं धडधडतच होतं. टाकी मीच काठोकाठ भरली होती. घरात धूर कोंडलेला, तेव्हा आम्ही तिघं कृष्णकांतच्या वऱ्हांड्यात जाऊन बसलो. त्यानं सासरेबुवांच्या हातपायांवर पाणी घातलं, पन्हं दिलं. तिथेही बोलायचं तर बेंबीच्या देठापासून ओरडावं लागत होतं.

सहा वाजता सासरेबुवांनी पन्ह्याचा ग्लास खाली ठेवला, एकदा कृष्णकांतकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि ओरडले, "मशीन असो का जावई, चालवून पाह्यल्याबिगर घेऊ नये मानसानं!"

मी कौसल्येकडे आशेनं पाहिलं. शेवटी बायको आपली! तिनं दोन्ही हात तोंडाशी धरले, दम घेतला, आणि नेमकं त्याच क्षणी डिझेल संपलं. इंजिन थांबलं. चार तासांनी गल्लीत पहिल्यांदा शांतता झाली, आणि त्या शांततेत तिचा आवाज पार चौकापर्यंत गेला.

"बाबा, चालाले हे बरोबर चालतेत! यांले थांबवता येत नाही, तेवढंच हाये!"

फाटकाफाटकाशी उभी असलेली गल्ली एकदम अंगणातली झाडं निरखू लागली. कृष्णकांत मात्र सभ्य माणूस. तो हसला नाही. त्यानं माझ्यापुढे पन्ह्याचा दुसरा ग्लास सरकवला, आणि काय सांगू, चांगलं झालं होतं हो पन्हं.