लक्ष्मीछाप पुडी

सुरेशचंद शेठना घोर लागला होता कागदांचा. धुळ्यात त्यांचं शेवेचं दुकान, वर घर. गिऱ्हाईक शेव खायचं, पुडीचा कागद भिरकावायचं, आणि वारा तो नेमका शेठच्याच दारात आणून टाकायचा. (वाऱ्यालाही पत्ता पाठ झाला होता.) एरवी चाललं असतं, पण कुसुमलताला बघायला शिंदखेड्याहून मुलाचे वडील अभयकुमारजी येणार होते, आणि दारात कचरा दिसला तर ते चहाही न घेता परत फिरतात, अशी त्यांची ख्याती. लेकीचं स्थळ तेलकट कागदावरून घसरणार, या धास्तीनं शेठ बसले की उठत, उठले की गल्ली बघून येत.

अशाच एका फेरीत त्यांना सुचलं. पुडीवर लक्ष्मी छापायची! देवीला गटारात फेकायची कोणाची छाती आहे?

"आधी कोणाला विचारा तरी," शेठाणी सज्जनबाई म्हणाल्या.

"त्याला डोकं लागतं, डोकं!"

लक्ष्मी छापून आली आणि गल्ली लख्ख झाली. शेठ येणाऱ्या-जाणाऱ्याला हटकून गल्ली दाखवू लागले.

मग बाजाराच्या दिवशी सोनगीरचा हिलाल रिकामी पुडी कपाळाला लावत आला.

"शेठ, हाई लक्ष्मी शे. गटारमा कशी फेकू? पाप लागी! तुम्हनी तुम्हीच ल्या."

दारी आलेल्या लक्ष्मीला नाही कसं म्हणायचं? शेठनी ती घरात ठेवली. मागोमाग त्याच्याच गावची भागाबाई गावभरच्या पुड्यांची टोपली घेऊन हजर. "बठ्ठा गावन्या आन्यात!"

नदीत सोडाव्यात तर उन्हाळ्यात पांझरेला पाणी कुठलं? जाळाव्यात तर सज्जनबाई डोळे वटारत. बघता बघता गादी, झोपाळा, पलंग, सगळीकडे लक्ष्मी विराजमान झाली आणि शेठ ओट्यावर झोपू लागले.

अभयकुमारजी आले. गल्ली बघून खूश झाले, आत येऊन हात जोडले आणि उभेच राहिले. लक्ष्मीवर बसणार कोण? पोहे उभ्यानं, चहा उभ्यानं. शेवटी गुडघे चोळत म्हणाले, "मुलगी चांगली आहे. पण लग्नात आमचं वऱ्हाडही उभंच राहणार का? बसायची सोय झाली की कळवा."

ते गेल्यावर सज्जनबाईंनी पदर खोचला, सगळ्या लक्ष्म्या गाठोड्यांत बांधून माळ्यावर मानानं ठेवल्या. (एवढं साधं शेठना सुचलं नव्हतं. डोकं लागतं.)

"आणि नव्या आल्या तर?"

"येणारच नाहीत!" शेठ उसळून म्हणाले. "आता माझा फोटो छापतो. देव नाही म्हणून कोणी परत आणणार नाही, आणि गावात मान आहे म्हणून कोणी फेकणारही नाही."

पुढच्या बाजारी हिलालनं शेठच्या मिशांना तेलकट बोटं पुसली आणि पुडी बिनधास्त भिरकावली. दुपारपर्यंत गल्लीभर सुरेशचंद लोळत होते. आणि बसायची सोय झाल्याचा निरोप मिळून अभयकुमारजी नेमके तेव्हाच आले!

गल्लीत कुसुमलता झाडत होती. सपासप. अभयकुमारजी पाहत राहिले.

"शेठ, संबंध पक्का! जी बापाच्या तोंडावरूनही झाडू फिरवते, ती आमचं घर स्वच्छच ठेवील."

मग ओट्यावरची धूळ बघून त्यांनी नाक मुरडलं, दुकानातली एक कोरी पुडी मागितली, फोटो वर करून नीट अंथरली आणि शेठच्या तोंडावर ऐसपैस बसले.